भंगारवाल्याला सगळ्यात शेवटी बोलवा

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झालं. पाहुणे उतरायला येणार म्हणून आम्ही तिथल्या सासरच्या घराचा पुढचा भाग रंगवून घेतला आणि नको असलेलं सगळं मागच्या खोलीत ढकललं. संमेलन आटोपलं, पाहुणे गेले, पण मागच्या खोलीचं दार उघडायची हिंमत कोणाला होईना. दोन महिन्यांनी सासूबाईंनी आमच्याकडे जळगावला राहायला यायचं कबूल केलं, तेव्हा कुठे तीन पिढ्यांचा तो पसारा अंगणात आला. त्यातली प्रत्येक वस्तू बाहेर येताना त्यांचं एकच पालुपद: "ऱ्हाऊ दे वं, कामले यी." म्हणजे राहू दे गं, कामाला येईल.

पसारा काढणं हे अर्धंच काम. काढलेला ढीग घराबाहेर कसा घालवायचा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पहिल्याच दिवशी भंगारवाल्याला हाक मारली, ही माझी सगळ्यात मोठी चूक. तो बिचारा त्याच्या हिशेबाने बरोबर होता. त्याच्या काट्यावर सगळ्याची किंमत किलोवर होते, मग तो पाणी तापवायचा बंब असो की आजोबांचा दाखला. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. प्रत्येक वस्तू तिच्या तिच्या माणसाकडे जाऊ द्या आणि उरलेलं तेवढं भंगारात घाला.

१. आधी महिना ठरवा

आपल्याकडे घर वर्षातून दोनदा तरी निघतं: श्रावणात कानबाई (आपली खान्देशातली देवी) बसण्याआधी आणि दिवाळीआधी. सगळ्या गल्लीचं भंगार तेव्हाच बाहेर येतं, आणि भाव कोण पाडतो हे तुम्हाला माहीत आहे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे पंधरा दिवस मला सगळ्यात सोयीचे वाटतात. कारण पहिलं म्हणजे कूलर. जुना, पण चालू पत्र्याचा कूलर मार्च-एप्रिलमध्ये विकायला काढला तर घ्यायला माणूस दारात उभा राहतो. पारा चाळीसच्या वर गेला की खान्देशात नव्या-जुन्याची चौकशी कोणी करत नाही, मोटर फिरते का एवढंच बघतात. तोच कूलर दिवाळीत काढलात तर पत्र्याच्या भावात जातो. दुसरं कारण आखाजीला लेकी माहेरी येतात. भांडी-लुगडी कोणाला हवी, कोणाला नको, हा प्रश्न सगळ्या समोर असताना तासाभरात मिटतो. मागाहून फोनवर मिटवायला गेलात तर वर्षभर पुरतो. नणंदबाईंनी येऊन पहिली कोणती वस्तू उचलली असेल? पुरणपोळ्यांचं खापर. आम्ही तर ते मडक्यांबरोबर फोडायला काढलं होतं.

पावसाळ्यात मात्र हे काम अजिबात काढू नका. रद्दी भिजली की वजनात कापतात आणि गाद्या वाळत नाहीत.

२. हाताशी काय ठेवायचं

- सहा-सात रिकामी पोती, सुतळी, जाड मार्कर
- हातमोजे, नाकाला रुमाल, बॅटरी आणि एक लांब काठी
- पेचकस आणि पक्कड
- दहा किलोचं न फोडलेलं आट्याचं पाकीट (कशाला ते शेवटी सांगते)
- घरातलं एक म्हातारं माणूस, खुर्चीवर बसवून

काठी आणि हातमोजे यांत हयगय नको. माळ्यावर, विटांच्या आड, जुन्या गोधड्यांच्या घडीत उन्हाळ्यात विंचू निघतो. आमच्याकडे दोन निघाले. आधी काठीने हलवायचं, मग हात घालायचा.

म्हातारं माणूस कशाला, असं वाटेल. पण कुठल्या डब्याच्या तळाशी काय ठेवलंय हे त्यांनाच ठाऊक असतं. शिवाय त्यांच्या पाठीमागे काही दिलंत तर ती वस्तू मरेपर्यंत तुमच्या नावावर बोलली जाते.

३. कागद: इथे आठवडा गेला तरी चालेल

रद्दीचं पोतं बांधण्याआधी एकेक कागद उलगडून बघा. मी बघितला नव्हता. पहिल्याच दिवशी तीन पोती रद्दी गेली. रात्री दिरांचा फोन आला, पुतण्याच्या जात पडताळणीसाठी आजेसासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे, लोखंडी पेटीत आहे. पेटी रिकामी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी रद्दीच्या दुकानाच्या शटरसमोर उभी. पोतं अजून फोडलं नव्हतं हे नशीब. विकली त्याच्या दीडपट पैसे देऊन माझीच रद्दी मी परत आणली.

म्हणून हे कागद कधीही रद्दीत घालू नका, कितीही पिवळे पडलेले असोत:

- शाळा सोडल्याचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या नकला, आणि आजोबा-पणजोबांचं नाव व जात लिहिलेला कुठलाही सरकारी कागद. जात पडताळणीत जुना पुरावा लागतो: अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १९६७ पूर्वीचा. अशा एका कागदावर पुढच्या चार मुलांचे प्रवेश अवलंबून असतात.
- खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफार, जुने सातबारे, घरपट्टीच्या पावत्या
- नोकरीचे आदेश, पेन्शनचे कागद, विम्याच्या पॉलिसी, पोस्टाची पासबुकं, शेअरची सर्टिफिकेटं
- गॅसचं मूळ व्हाउचर, गाडीचं आरसी बुक (सातव्या पायरीला लागेल)

मोडी लिपीतले कागद निघाले तर "वाचता येत नाही" म्हणून फेकू नका. मोडी वाचून देणारी माणसं अजून आहेत, आधी त्यांच्याकडून ते काय आहे ते समजून घ्या. घरच्या कामाचे नसले आणि जुने असले, तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली बरीच दप्तरं तिथे आहेत. जुन्या हस्तलिखित पोथ्या, विशेषतः रामदासी परंपरेतल्या, सापडल्या तर धुळ्यातल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात विचारा. दोन्हीकडे आधी फोटो दाखवा, पोतं घेऊन जाऊन उभे राहू नका.

पुस्तकांचं सोपं आहे. शाळेची आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं जूनमध्ये हातोहात जातात, फक्त अभ्यासक्रम बदललेला नसावा. कथा-कादंबऱ्या गावच्या वाचनालयाला विचारून द्या. विचारून म्हणजे यादी देऊन. ग्रंथपालाला तुमची वाळवी नको असते.

पुस्तकं झटकताना आणि साड्यांच्या घड्या मोडताना नोटा निघतातच. दोन हजारची निघाली तर घाबरू नका. बँकेत आता बदलून मिळत नाही, पण रिझर्व्ह बँकेच्या मुंबई-नागपूरसारख्या कार्यालयात जाऊन किंवा टपालाने पाठवून ती आपल्या खात्यात जमा करून घेता येते. २०१६ पूर्वीच्या पाचशे-हजारच्या मात्र मेल्या. त्या दहापेक्षा जास्त बाळगणं हा २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे. "बदलून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आधारच्या झेरॉक्सा, बँकेची स्टेटमेंटं, कोरे पण सही केलेले चेक हाताने बारीक फाडून पाण्यात भिजवा आणि मग टाका. रद्दीच्या कागदाची भेळेची पुडी होते आणि त्या पुडीवर तुमचा खाते क्रमांक असतो.

४. भांडी

तांब्या-पितळेची भांडी भंगारात देऊ नका. भांड्यांच्या दुकानात "मोड" म्हणून द्या. तिथे मोडीचा भाव लावून नव्या भांड्यात वळते करतात, आणि नवं नको असेल तर काही दुकानदार रोखही देतात. तीन दुकानांत भाव विचारा. विचारताना तांबं, पितळ, कासं वेगळं विचारा, कारण "सगळं पितळच धरू" हे वाक्य ऐकायला मिळणारच. बंबाच्या आतली लोखंडी जाळी आणि बूड आधी काढून ठेवा, नाहीतर त्याच्या नावाने वजनात मनमानी घट धरतात.

मोडीला देण्याआधी प्रत्येक भांडं उलटंपालटं करून नावं वाचा. आपल्याकडे भांड्यावर नाव, तारीख घालायची पद्धत. आमच्या एका कळशीवर आजेसासूबाईंच्या लग्नाची तारीख निघाली. ती कुठल्याच कागदावर नव्हती. कळशी ठेवली, बाकीचे अकरा हंडे गेले.

जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली भंगारात घाला, त्यांना दुसरा वाली नाही. पाटा-वरवंटा, जातं, उखळ शहरातल्या कोणाला हवंय का विचारा. हल्ली हॉटेलवाले दर्शनी भागात मांडायला नेतात. भरिताची लाकडी बडगी देऊ नका म्हणजे नकाच. मिक्सरमधलं भरीत खाऊन पाहिलंय मी.

५. कपडे, गोधड्या, गाद्या

बोहारीण अजून येते, आणि तिच्याइतका चोख व्यवहार या सगळ्या ढिगात कोणी करत नाही. फक्त सगळं गाठोडं तिच्यापुढे एकदम सोडू नका. एक साडी काढा, भांडं ठरवा, मग दुसरी काढा. गाठोडं दिसलं की टोपाची परात होत नाही, परातीचा टोप होतो.

जरीच्या जुन्या साड्या तिला देऊ नका. जुन्या खऱ्या जरीत चांदी असते. "जरी-पुरानी" करत फिरणाऱ्याला देण्याआधी ओळखीच्या सोनाराला काठ दाखवा. हल्लीची जर बहुतेक प्लास्टिकची, तीत काही नाही, पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं लग्नातलं वस्त्र असेल तर नक्की दाखवा.

सुती फाटकं कापड गॅरेजवाल्याला हात पुसायला हवं असतं. मऊ लुगडी गोधडीला ठेवा, आणि शिवणारी बाई मिळत असेल तर आत्ताच द्या.

दानाबद्दल थोडं कडक बोलते. थंडीत सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा भागात कपडे वाटायला आपल्याकडून गाड्या जातात. चांगलंच आहे. पण त्या गाडीत चेन तुटलेल्या पॅन्टी, एकेक मोजा आणि चमकीचे ब्लाउज घालून आपण आपला कचरा डोंगरावर नेऊन टाकतो. धुतलेलं, शिवलेलं, इस्त्री नसली तरी घडी घातलेलं, आणि आपण स्वतः घालून बाजारात जाऊ असंच कापड द्या. लहान मुलांचे स्वेटर आणि चादरी आधी.

कापसाची गादी कधी टाकू नका. कापूस पिकवणाऱ्या मुलखात राहतो आपण. गादीवाल्याकडे कापूस पिंजून घेतला की दोन जुन्या गाद्यांची एक नवी होते, उरल्या कापसाच्या उशा. फोमची किंवा काथ्याची गादी मात्र गळ्यात पडते. ती भंगारवाला नेत नाही, घंटागाडीही नेत नाही. आमची शेवटी गावाबाहेरच्या एका गोठ्यावर राखणदाराच्या बाजेवर गेली. विचारत राहिलं तर माणूस सापडतो.

६. विजेच्या वस्तू, बॅटऱ्या आणि घातक माल

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी भंगारात देऊ नका. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि बिलातून पैसे कमी करतो. आतलं ॲसिड मोरीत ओतून "हलकी करून" देऊ नका. वजन जातं, मोरी जाते आणि बोटंही जातात.

टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन चालू असेल तर नव्याच्या बदल्यात घालवणं सगळ्यात बिनकटकटीचं. बंद असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा. जुन्या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी २०२२ च्या ई-कचरा नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांची यादी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. जुन्या डबा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. भंगारात ती तांब्यासाठी फोडतात आणि काच नाल्याकाठी पडते. वायरी जाळून तांबं काढणारे तर तुम्ही पाहिलेच असतील. त्या धुराजवळ मुलांना उभं राहू देऊ नका.

फोन आणि कॉम्प्युटर देताना:

- सिम आणि मेमरी कार्ड काढा
- फोनमधल्या खात्यांतून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा
- कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढून घरी ठेवा
- विकत असाल तर घेणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत घ्या, कारण तोच फोन उद्या भलत्या कामात सापडू शकतो

ऑनलाइन विकायला टाकलंत की पाच मिनिटांत "मी मिलिटरीत आहे, वस्तू न बघता घेतो" असा फोन येईल. तो क्यूआर कोड पाठवील आणि म्हणेल, स्कॅन करा, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा. फसलातच तर तत्काळ १९३० वर कळवा.

ट्यूबलाइट, सीएफएल आणि पाऱ्याचा थर्मामीटर न फोडता पुठ्ठ्यात गुंडाळा, त्यांत पारा असतो. मुदत संपलेली औषधं संडासात ओतू नका. ही दोन्ही घंटागाडीला वेगळ्या पिशवीत, सांगून द्या. शेतकरी घरात आणखी एक भानगड असते, कपाशीच्या फवारणीचे रिकामे डबे. धुऊन त्यात पाणी किंवा तेल भरणं आजही चालतं. असला डबा तीनदा विसळा, ते पाणी पंपातच घाला आणि डब्याला भोकं पाडा. भोकं पाडल्याशिवाय तो घराबाहेर जाता कामा नये.

७. ज्या वस्तू तुमच्या नावावर आहेत

गॅस सिलेंडर: तो कंपनीचा असतो, तुमचा नव्हे. भंगारात देता येत नाही आणि शेजाऱ्यालाही देऊ नये. एजन्सीत मूळ व्हाउचर, सिलेंडर, रेग्युलेटर आणि ओळखपत्र नेलं की कनेक्शन बंद होऊन व्हाउचरवर लिहिलेली अनामत परत मिळते. रक्कम जुन्या काळची, बघून हसू येईल. व्हाउचर हरवलं असेल तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ज्यांच्या नावावर होतं ते हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या.

जुनी स्कूटर: आमच्याकडे एमएच १९ ची एक वीस वर्षं बंद पडलेली होती. भंगारवाला नाक्यावरून हात चोळत आला. मी दिली नाही, आणि हे एक काम मी बरोबर केलं. आरसी रद्द होईपर्यंत ती गाडी कागदावर तुमचीच असते. तिचा नंबर दुसऱ्या कुठल्या गाडीवर चिकटला तर पोलीस तुमच्या दारात येतील. चालू असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून घेणाऱ्याच्या नावावर करा. भंगारच करायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन ठेव प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करा. एजंटाने "कागद नंतर देतो" म्हटलं तर चावी परत खिशात घाला.

८. देव आणि फोटो

सगळ्यात जास्त वेळ इथे अडतो आणि याबद्दल कोणी बोलत नाही. तडा गेलेली मूर्ती, ओल आलेल्या तसबिरी, कॅलेंडरांवरचे देव. लोक रात्री गुपचूप पिंपळाखाली नाहीतर बोरीच्या, गिरणेच्या काठावर ठेवून येतात. देव तिथे उन्हात विरतात आणि काच गुरांच्या पायात जाते.

आम्ही असं केलं. तसबिरीची काच आणि चौकट वेगळी केली. चौकटी सुताराला दिल्या, काच वेगळी बांधली. कागदाची चित्रं सासूबाईंनी नमस्कार करून बादलीत भिजवली, लगदा तुळशीच्या आणि जास्वंदीच्या मातीत घातला. धातूच्या मूर्ती ओळखीच्या कासाराकडे झाळून आणल्या. एक फारच झिजली होती, ती गुरुजींना विचारून विसर्जित केली. तुमच्या घरची रीत वेगळी असेल, घरातल्या मोठ्यांना विचारा, पण रात्री पिंपळाखाली जाऊ नका.

गेलेल्या माणसांचे मोठे फोटो कुठे लावायचे हा प्रश्न फ्लॅटमध्ये येतोच. मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढून घ्या आणि मूळ फोटो चौकटीशिवाय एका फाइलमध्ये ठेवा. पाठीमागे पेन्सिलीने नाव लिहा. आमच्या तीन फोटोंतली माणसं कोण, हे आता सासूबाईंनाही आठवत नाही.

९. आता भंगारवाला

इथवर आलात की ढीग चौथाई उरलेला असतो. तो आधी वेगळा करा: लोखंड, पत्रा, बीड (ओतीव लोखंड), जर्मन, कडक प्लास्टिक, मऊ प्लास्टिक, पुठ्ठा, पेपर, वह्या. वर्तमानपत्राचा आणि वह्यांचा भाव वेगळा असतो. एकत्र दिलंत तर कमी भावाचाच लागतो. लोखंडी कपाट कधी वजनावर देऊ नका, भाडेकरू विद्यार्थी आनंदाने विकत घेतात. प्लायवूडच्या फर्निचरला उलट काहीच किंमत नाही, कोणी फुकट नेत असेल तर चहा पाजून द्या. सागवानी दार, खांब, तुळया मात्र सुताराला दाखवून, घनफुटात मोजून विका.

आणि ते आट्याचं पाकीट. काटा लटकला की पहिलं वजन त्याचं करा. दहाऐवजी साडेआठ दाखवलं तर भांडायची गरज नाही. भंगारवाला स्वतःच म्हणतो, "ताई, काटा जरा अडकतोय," आणि गाडीतून दुसरा काढतो.

भाव ठरल्यावर माल गाडीत चढवण्याआधी पैसे घ्या. चढवल्यावर "यात गंज फार आहे" सुरू होतं.

तरीही काही उरतंच: थर्माकोल, फुटक्या कुंड्या, पलंगाच्या पट्ट्या, मोरीच्या तोडलेल्या फरश्या. जाळू नका, २०१६ च्या घनकचरा नियमांपासून उघड्यावर टाकणं आणि जाळणं दोन्ही मना आहे. मोठ्या वस्तूंसाठी आणि मलब्यासाठी नगरपालिकेच्या आरोग्य विभागात आधी जाऊन विचारा, गाडी कधी पाठवतात आणि किती पैसे लागतात ते. बाकीचं पोत्यात भरून रोज एक पोतं घंटागाडीत द्या. सगळी एकदम दिलीत तर गाडीवरचा माणूस नाही म्हणतो, रोज एक दिलं तर हसून घेतो. आमची एकोणीस पोती होती, एकोणीस दिवस लागले. आदल्या रात्री पोतं रस्त्यावर ठेवू नका, गल्लीतली कुत्री सकाळपर्यंत ते तुमच्या दारात परत पसरून ठेवतात.